चौघे निघाले, तिसऱ्यावर घड्याळ!

बालमित्रांनो, समोरून भणाणता वारा येतोय आणि तुम्ही सायकल चालवताय, असं कधी झालंय? पायडल मारून पोटऱ्या भरून येतात, पण सायकल काही पुढे सरकत नाही. अशा वेळी पुढे दुसरी सायकल असेल, तर मागच्याला एकदम हलकं वाटतं. वारा पुढचा खातो, मागचा त्याच्या आडोशाला! (पण हे गर्दीच्या रस्त्यावर मुळीच करून पाहायचं नाही हं!)

या वाऱ्याच्या खेळावरच एक शर्यत बेतलेली होती. हौशी सायकलपटूंची ही सांघिक शर्यत १९६० ते १९९२ या काळात ऑलिंपिकमध्ये होती. एका संघात चौघे जण, अंतर साधारण १०० किलोमीटर. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, थोड्या वेळाने बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं, मग दुसऱ्याची पाळी. आणि खरी गंमत पुढेच आहे. संघाची वेळ पहिल्याची नव्हे, तिसऱ्याची धरत! म्हणजे एकटाच भरधाव सुटला तर उपयोग शून्य.

या शर्यतीत स्वीडनच्या चार सख्ख्या भावांनी कमाल केली. योस्टा, स्टूरे, एरिक आणि टोमास पेटरसन. योस्टा सगळ्यांत थोरला, १९४० सालचा; टोमास धाकटा, १९४७ चा. १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन वर्षं या चौघांनी हौशी खेळाडूंचं जागतिक विजेतेपद पटकावलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मात्र नेदरलँड्सने त्यांना मागे टाकलं. तिथे त्यांना रौप्यपदक मिळालं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, पण ज्याच्या अंगात जास्त ताकद, त्याने काय करायचं? हळू जायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं, की त्याने वेग वाढवायचा नाही, पुढे जास्त वेळ राहायचं! वेग वाढवला तर दमलेला भाऊ आडोशातून सुटतो. एकदा सुटला की वारा त्याला एकट्याला झोडपतो आणि तो पुन्हा गाठू शकत नाही. मग चौघांचं काम तिघांवर येतं, आणि त्यानंतर कुणीही मागे पडून चालत नाही. दमलेल्यानेही खोटा आव आणायचा नाही. आपली पाळी छोटी घ्यायची, पण रांग मोडायची नाही.

१९७० मध्ये हे चौघे भाऊ एकाच इटालियन व्यावसायिक संघात गेले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, योस्टाने 'जिरो द इटालिया' ही इटलीची प्रसिद्ध शर्यत जिंकली.

मुलांनो, पुढारी म्हणजे सगळ्यांच्या पुढे पळणारा, असं आपल्याला वाटतं. पण वारा स्वतःच्या छातीवर घेऊन अधूनमधून मागे वळून 'सगळे आहेत ना?' असं पाहणारा, तो खरा पुढारी. आता सांगा बरं, तुमच्या गटात असं मागे वळून कोण पाहतं?