कागदावर ‘विझिट’ लिहिले असेल तर…

गेल्या वर्षी रमजानच्या थोडे आधी, शाळा सुटल्यावर पाचवीतल्या एका मुलीची आई आमची वाट पाहत थांबली होती. बुरख्याच्या आतून तिने घडी केलेले दोन कागद काढले आणि म्हणाली, “टीचर, ये कागद जरा पढ के बोलो ना.”

एक होते दुबईचे विमानाचे तिकीट. दुसरा होता व्हिसा, त्यावर ‘विझिट’ असे लिहिलेले. म्हणजे पाहुणा म्हणून जाण्याची, थोड्या दिवसांची परवानगी. बाई मात्र जाणार होती एका घरात स्वयंपाक आणि मुले सांभाळायला, दोन वर्षांसाठी. एजंटने बजावले होते, विमानतळावर कोणी विचारले तर ‘बहिणीला भेटायला चालले’ एवढेच सांगायचे. बचत गटातून काढलेले वीस हजार रुपये त्याला देऊन झाले होते.

नवरा वारला, दोन मुली, विड्या वळून घर चालत नाही. अशा बाईला ‘जाऊ नको’ म्हणणे सोपे असते, तिची चूल पेटवणे अवघड. हलाल रोजीसाठी परदेशी जाण्यात काहीच वावगे नाही. प्रश्न जाण्याचा नाही, कोणत्या दाराने जायचे याचा आहे.

आपल्या देशात यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. हा पासपोर्ट घेऊन सौदी, अमिराती, कुवेत, ओमान, कतार, बहारीन अशा १८ देशांत नोकरीला जायचे तर सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. स्त्रियांसाठी आणखी दोन अटी आहेत. वय ३० पूर्ण हवे आणि भरती खासगी एजंटकडून नव्हे, तर सरकारी भरती संस्थेमार्फत व्हायला हवी. ही दुसरी अट २०१६ पासून आली. सुरुवातीच्या यादीत केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र आणि तेलंगणच्या संस्था होत्या. महाराष्ट्राची एकही नव्हती. सोलापूरहून जवळची म्हणजे हैदराबादची, तेलंगण सरकारची ‘टॉमकॉम’.

या वाटेने गेल्यास मालकाचे नाव, पत्ता, पगार आणि करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणक प्रणालीत नोंदले जातात. प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरले की अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते. पगार थकला, मारहाण झाली तर दूतावासाला कोणाकडे जायचे ते ठाऊक असते.

हे आम्ही तिला विड्यांच्या हिशेबात समजावले. कारखान्याच्या कार्डावर चढलेली विडीच फंडाला धरली जाते. कार्डाबाहेर वळलेल्या हजार विड्यांना उद्या कोणी साक्षीदार नसतो. विझिट व्हिसावर गेलेली बाई अशीच कार्डाबाहेरची. तिथे ती कामगार नसतेच, पाहुणी असते. मुदत संपली की बेकायदा ठरते. मग पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, आणि तक्रार करायला गेले तर आधी आपलाच गुन्हा निघतो. दुबईला उतरवून तिथून पुढे ओमानला नेलेल्या बायकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून अनेकदा आल्या आहेत.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “फिर मैं सरकारी रास्ते से जाती.” तिचे वय होते २८. तो रस्ता तिला बंद होता.

इथे आम्हालाही क्षणभर उत्तर सुचले नाही. तीस वर्षांची अट स्त्रियांच्या रक्षणासाठी आहे, हे मान्य. पण गरज वय बघून येत नाही. दार बंद झाले की लोक खिडकी शोधतात आणि एजंट त्या खिडकीशीच उभा असतो. महाराष्ट्रातल्या बाईला तिच्याच जिल्ह्यात सरकारी भरतीची माहिती देणारे कोणी असावे, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे करायला हवी.

याला दुसरी बाजूही आहे. आपल्यातली काही कुटुंबे आखातात स्थिरावली आहेत आणि घरकामाला बाई ठेवतात. अमिरातीच्या २०२२ च्या घरकामगार कायद्याने आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा आणि स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्या बाईला दिला आहे. भरतीचा खर्च तिच्याकडून घ्यायचा नाही, असेही त्यात आहे. सौदीत अशी भरती ‘मुसानेद’ या सरकारी व्यवस्थेतून होते. भारत आणि सौदीत २०१४ साली याबाबत करारही झाला. मजुरी चुकवण्यात दिरंगाई नको, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या मुलांना मदरशात पाठ असते. ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते का, हे ज्याने त्याने बघावे.

तुमच्या मोहल्ल्यात कोणी निघाले असेल, तर तिकिटाआधी चार गोष्टी विचारा. व्हिसा नोकरीचा आहे की विझिट? करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवला का? मंजुरी ई-मायग्रेटवर दिसते का? सगळ्या कागदांची एक प्रत घरी ठेवली का? शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००११३०९० हा फोन मोफत आहे. पुरुषांनीही हे लक्षात ठेवावे, परवाना असलेल्या एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

ती बाई गेली नाही. एजंटने हप्त्याहप्त्याने निम्मे पैसे परत केले, उरलेले बुडाले. गटाचे हप्ते ती अजून फेडते आहे. आम्ही चार शिक्षकांनी मिळून मुलींच्या वह्या-पुस्तकांची जबाबदारी घेतली. तेवढ्याने तिचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर थांबतो. बायका कागद घेऊन येतात. पासपोर्ट, रेशन, बँक, कधी व्हिसा. आम्ही वाचून सांगतो.

प्रत्येक मोहल्ल्यात वाचता येणारे कोणीतरी असतेच. इन्शाअल्लाह, त्याने एवढे केले तरी एखादी बहीण डोळे उघडे ठेवून विमानात बसेल.