उपचार परवडत नाहीत, तेव्हा

पाळीव प्राणी गंभीर आजारी पडला की घरासमोर दोन प्रश्न एकदम उभे राहतात. तो बरा होईल का, आणि त्याला बरे करण्याइतका पैसा आहे का? माणसाच्या आजारपणात दुसऱ्या प्रश्नाला थोडाफार आधार असतो. सरकारी रुग्णालय असते, आरोग्य विमा असतो, निदान उसनवारी मागताना संकोच कमी असतो. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हे आधार तोकडे पडतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी बसवलेली आहे. शहरातला बहुतेक भार खासगी दवाखान्यांवर आहे आणि तिथला खर्च मालकाच्या खिशातूनच जातो.

हा खर्च वाढण्यामागे कारणे आहेत. कुठे दुखते हे प्राणी सांगू शकत नाही, त्यामुळे रक्ततपासणी, एक्स-रे आणि सोनोग्राफीवर जास्त विसंबावे लागते. माणूस सहज सहन करेल अशा छोट्या प्रक्रियेसाठीही प्राण्याला भूल द्यावी लागते. ॲडमिट केल्यास रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसे लागतात. म्हणून बिलाचा आकडा ऐकून घाबरण्यापूर्वी आजार कोणत्या प्रकारचा आहे, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

आजार तीन प्रकारचे

पहिला प्रकार स्वस्तात बरा होणाऱ्या आजारांचा. गोचिडांमुळे होणारा एर्लिशिया हा ताप कुत्र्याला पार खंगवतो, पण वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सने बहुतेक कुत्री सावरतात. खरूज आणि जंत यांचेही तसेच आहे. अशा आजारात पैशाच्या भीतीने दवाखाना टाळला, तर थोडक्यात भागणारी गोष्ट महाग होऊन बसते.

दुसऱ्या प्रकारात आजार बरा होतो, पण तातडीने पैसा लागतो. पिल्लांचा पार्वो, नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होणे, बोक्याची लघवी तुंबणे हे यातले नेहमीचे आजार. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांतच दगावू शकतो. गर्भाशयात पू झाला असेल, तर गर्भाशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय असतो. इथे वाट पाहणे हाही एक निर्णयच आहे, आणि बहुधा तो सगळ्यांत वाईट ठरतो.

तिसरा प्रकार दीर्घकाळ चालणाऱ्या किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारांचा. मूत्रपिंडे निकामी होत जाणे, मधुमेह, कर्करोग हे आजार यात येतात. इथे एकदाच्या बिलापेक्षा दर महिन्याचा खर्च आणि रोजची सेवा यांचा हिशेब महत्त्वाचा. मधुमेही कुत्र्याला बहुधा दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचावे लागते. पैसा असला तरी तेवढा वेळ देणारे माणूस घरात आहे का, हेही पाहावे लागते.

मधला मार्ग

सर्वोत्तम उपचार आणि काहीच न करणे, एवढे दोनच पर्याय असतात असा समज असतो. प्रत्यक्षात त्यांच्या मध्ये बरेच काही असते. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पार्वो झालेल्या 40 कुत्र्यांवर झालेला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे चांगले उदाहरण आहे. सुरुवातीला सर्वांना शिरेतून सलाईन देऊन सावरले गेले. त्यानंतर निम्म्यांना ॲडमिट करून पूर्ण उपचार दिले, तर उरलेल्यांना त्वचेखाली सलाईन, उलटीचे औषध आणि दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविकाचे इंजेक्शन असे घरूनही करता येण्याजोगे उपचार मिळाले. पहिल्या गटातील 90 टक्के, तर दुसऱ्यातील 80 टक्के कुत्री जगली. स्वस्त मार्ग थोडा उणा होता, पण निरुपयोगी नव्हता. उपचारच न मिळालेली पार्वोची पिल्ले मात्र बहुतेक दगावतात.

असा मार्ग मिळवायचा तर पशुवैद्यकाला आपली ऐपत सुरुवातीलाच सांगावी लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कोणती तपासणी केल्याने उपचार खरोखर बदलतील, कोणती थांबू शकेल, आजच्या आज काय केलेच पाहिजे, जेनेरिक औषध चालेल का, घरी काय करता येईल, बरे होण्याची शक्यता किती, आणि पैसे हप्त्यांनी दिले तर चालतील का, हे प्रश्न विचारावेत. अंदाजपत्रक लेखी मागावे.

खासगी दवाखान्याबाहेरही काही दारे आहेत. मुंबईत परळला प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. परळलाच 1886 मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये असून त्यांना जोडून चिकित्सालये असतात.

घरगुती प्रयोग मात्र टाळावेत. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकमुळे कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

थांबायचे केव्हा

उपचार थांबवण्याचा निर्णय फक्त पैशावर घेतला, तर त्याची टोचणी राहते. म्हणून प्राण्याच्या हालांकडे पाहणारे मोजमाप उपयोगी पडते. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी सात निकष सुचवले आहेत: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल, तर जगणे सुसह्य मानता येते. घरातल्या दोघा-तिघांनी वेगवेगळे गुण देऊन पाहिले, तर एकाच्या आशेचा किंवा थकव्याचा प्रभाव कमी होतो.

वेदना आटोक्यात येत नसतील आणि सुधारणेची शक्यता संपली असेल, तर दयामरण हा पशुवैद्यकाने द्यायच्या सेवेचाच भाग आहे. बहुधा आधी गुंगीचे इंजेक्शन देतात आणि मग भुलीच्या औषधाची जादा मात्रा शिरेतून सोडतात. प्राणी काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत हृदय थांबते. अनेक घरांत याला धार्मिक संकोच आडवा येतो. 1928 मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मरण दिले गेले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. या कृतीला त्यांनी अहिंसाच मानले आणि तसे लिहून मांडले. ज्यांना हा मार्ग मान्य नाही, त्यांच्यासाठी वेदनाशामक औषधे, मऊ अंथरूण, पाणी आणि सोबत एवढी शेवटची सेवा उरते. पण तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

एक पर्याय मात्र कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही: आजारी प्राण्याला बाजारात, पुलाखाली किंवा एखाद्या संस्थेच्या दारात सोडून देणे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार, उपाशी-तहानलेला राहून हाल होतील अशा स्थितीत प्राणी विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. सांभाळणे खरोखर अशक्य असेल, तर संस्थेशी आधी बोलून, आजाराची सर्व माहिती देऊन प्राणी रीतसर सोपवावा.

हा पेच पुष्कळदा आधीच टाळता येतो. पार्वोवर लस आहे. नसबंदीमुळे गर्भाशयात पू होण्याची भीती जवळजवळ संपते. काही विमा कंपन्या कुत्र्यांसाठी पॉलिसी देतात, पण आधीपासूनचा आजार सहसा त्यात धरला जात नाही, म्हणून ती प्राणी धडधाकट असतानाच घ्यावी लागते. पिल्लू घरी आणण्यापूर्वी त्याच्या खाण्याबरोबर आजारपणाचाही खर्च मांडावा आणि त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. एवढे करूनही पैसा अपुरा पडला, तर तो दोष नव्हे. आवाक्यातला उपचार वेळेत देणे आणि ते शक्य नसेल तेव्हा त्या जिवाचे हाल लांबू न देणे, मालकाची जबाबदारी इथे पूर्ण होते.