उंच जिप्सीची भूमिती

मारुती जिप्सी उंच करून घेतली की बॉनेट छातीपर्यंत येतं आणि आत चढायला पायरी शोधावी लागते. मात्र टेप घेऊन गाडीखाली वाकलं, तर जमिनीपासून डिफरन्शियलपर्यंतचं अंतर पूर्वीइतकंच भरतं. डिफरन्शियलचा तो लोखंडी गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. पाटे, शॅकल, ठोकळे ही सगळी करामत एक्सल आणि चेसिस यांच्या मधली. तिने वर जाते ती चेसिस. दगडाला आधी टेकणारा भाग होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा घालावा लागतो.

मग गाडी उंच करतात कशाला? काही कारणं रास्त आहेत. मोठा टायर मडगार्डला घासू नये, ओढ्यातून वर चढताना बंपर काठावर आपटू नये, एक चाक खड्ड्यात गेलं तरी त्याने लोंबून जमीन धरून राहावं. बाकी बराच भाग रुबाबाचा. रुबाबालाही हरकत नाही, पण त्याचा हिशेब डोंगरात क्वचितच होतो. दगडाधोंड्यांत गाडी माणसाच्या चालीने जाते, तिथे बऱ्याच चुका खपतात. खपत नाहीत त्या परतीच्या वाटेवर, डांबरी रस्त्यावर, ऐंशीच्या वेगात.

1985 साली आलेली जिप्सी या हौसेसाठी जणू बेतलेली. वजन हजार किलोच्या आसपास, पुढेमागे अखंड एक्सल, चारही चाकांना पाटे. लष्करातून निवृत्त झालेल्या जिप्सी लिलावात निघतात, हौशी मंडळी त्या घेतात आणि गाडी थेट गॅरेजमध्ये जाते. पाट्यांची गाडी उचलायला वेल्डिंग मशीन असलं की पुरे, असा एक समज आहे.

सर्वांत स्वस्त उपाय लांब शॅकलचा. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं, दुसरं शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांवर झुलतं. पट्ट्या लांब केल्या की गाडी वर. पण जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते टोक खाली गेलं की एक्सल पुढे कलतो आणि चाक ज्या तिरक्या आसावर वळतं, त्याचा तिरकेपणा कमी होतो. मेकॅनिक त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्याच्या जोरावर. कॅस्टर गेला की सरळ रस्त्यावरही गाडी भटकते, आणि एखाद्या खड्ड्याचं निमित्त होऊन पुढची चाकं थडथडू लागतात. अखंड एक्सलच्या गाड्यांत ही थरथर इतकी वाढू शकते की वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. अमेरिकेत जीप रँग्लरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांबद्दलही अशा तक्रारी आल्या होत्या. 2019 साली कंपनीने स्टिअरिंगचा डॅम्पर बदलून दिला. कारखान्यातून नीट निघालेल्या गाडीची ही गत, तर घरगुती पट्ट्यांवर उभ्या असलेल्या गाडीची काय असेल!

दुसरा उपाय अधिक धाडसाचा. जिप्सीचे पाटे एक्सलच्या खालून जातात. ते काढून एक्सलच्या वर बसवायचे. एका फटक्यात पाचेक इंच उंची मिळते आणि पाटे दगडांपासून सुटतात, म्हणून जाणकारही हे काम करतात. फरक पुढच्या कामात पडतो. पाटा बसायची नवी जागा एक्सलवर वेल्ड करावी लागते. वेल्डिंग कच्चं राहिलं तर एक्सल जागचा हलतो. डिफरन्शियलचं तोंड योग्य कोनात वळवलं नाही, तर प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो आणि त्याचे क्रॉस झिजतात. जोरात ॲक्सिलरेटर दिला की एक्सल स्वतःच फिरू पाहतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड आधी जवळजवळ आडवा होता, तो आता उतरता होतो. मग प्रत्येक खड्ड्यात चाक वरखाली झालं की रॉड त्याला बाजूलाही ओढतो. हात स्थिर असतानाही गाडी वळते. यावर काही ठिकाणी रॉड तापवून वाकवण्याची युक्ती करतात. कमकुवत झालेल्या रॉडवर गाडीची दिशा सोपवणं म्हणजे निव्वळ जुगार.

ब्रेकच्या रबरी नळ्यांचं गणित सोपं, पण विसरलं जाणारं. चेसिस पाच इंच वर गेली आणि नळी तेवढीच राहिली, तर चाक लोंबताच ती ताणली जाते. ती फुटली की ती ज्या सर्किटची, त्या सर्किटचे सगळे ब्रेक गेले.

उलटण्याचा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. अमेरिकेची वाहन सुरक्षा यंत्रणा 2001पासून उलटण्याचा धोका ठरवताना हा भागाकार वापरते. कारमध्ये तो साधारण 1.3 ते 1.5 येतो. चाकांमधलं अंतर 1300 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 620 मिलिमीटरवर धरला, तर उत्तर 1.05. तोच मध्य 100 मिलिमीटर वर गेला की 0.90. एकच्या खालचा आकडा म्हणजे चांगले टायर घसरण्याआधी गाडी कलंडण्याची शक्यता. अरुंद गाडीला हे परवडत नाही. मारुतीने 1993 साली जिप्सीच्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने वाढवलं होतं. लिफ्ट करताना त्या रुंदीचा विचार फार थोडे करतात. जिप्सीची नातेवाईक सुझुकी सामुराई हिला 1988 साली अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने उलटण्याच्या कारणावरून अस्वीकारार्ह ठरवलं. कंपनीने पुढे दावा लावला आणि 2004 साली तडजोड झाली. ती गाडी तर उचललेलीही नव्हती.

अमेरिकेत पुढचा भाग उंच आणि मागचा दबलेला ठेवायची फॅशन निघाली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाने 2021 साली तिच्यावर बंदी घातली. चालकाला समोरचा रस्ताच धड दिसत नव्हता. आपल्याकडे 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गोव्याच्या पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या अजस्र गाड्या पाहून मोह होतो खरा. पण त्या गाड्यांना रोल केज असतो, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि रोज ऑफिसला जायची सक्ती नसते.

दुसऱ्याने उचललेली जिप्सी विकत घेताना जाणता मेस्त्री आधी रंग पाहत नाही. तो चेसिसखाली जॅक लावून चाकं मोकळी लोंबू देतो आणि ब्रेकच्या नळ्यांना किती ढील उरली ते बघतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे घासतो ते तपासतो, एक्सलवरच्या वेल्डिंगवरून बोट फिरवतो. स्टिअरिंगचा रॉड सरळ आहे की वाकवलेला, हेही तो त्याच वेळी पाहून घेतो. मग मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबून गाडी कोणत्या बाजूला ओढते, याचा अंदाज घेतो. भावाची बोली त्यानंतर.