सत्तर सेंटिमीटरची करामत

ताणलेल्या गाड्यांचा विषय निघाला की आधी ‘अमेरिकन ड्रीम’चं नाव येतं. 1986 साली कॅलिफोर्नियात घडवलेली ही 26 चाकी कॅडिलॅक लिमोझिन 2022 मध्ये नव्याने दुरुस्त झाली, तेव्हा तिची लांबी 30.54 मीटर भरली. वर हेलिपॅड, पोहायला छोटा हौद! 1:24 मापात तिचं मॉडेल सव्वा मीटरच्या वर जाईल. घरात ठेवणार कुठे, ते तुम्हीच सांगा.

माझं मत मर्सिडीज 600 पुलमनला. 1963 मध्ये आलेली साधी 600 आहे 5.54 मीटर आणि पुलमन 6.24. वाढलेले 70 सेंटिमीटर सगळे पुढच्या-मागच्या चाकांच्या मधले. नाक आणि डिकी जशीच्या तशी. म्हणून मॉडेल करणाऱ्यांची चंगळ! 1:24 मध्ये दोन दारांमधल्या खांबापाशी बॉडी कापायची आणि 29 मिलिमीटरचा प्लॅस्टिक पत्र्याचा तुकडा बसवायचा. चिकटवताना बॉडी सपाट काचेवर ठेवा, नाहीतर छत कमान धरतं. सांध्यात पुटी भरून घासून घेतल्यावर प्रायमर मारा आणि ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा. छतावरची उजेडाची रेघ जिथे लचकते, तिथे सांधा अजून सपाट झालेला नाही.

तयार मॉडेलचा फोटो काढताना मोबाइल घेऊन गाडीला भिडू नका; जवळचा दिवा भोपळ्याएवढा येतो आणि मागची बाजू आक्रसते. लांब जा, झूम करा, कॅमेरा दाराच्या मुठीच्या उंचीवर धरा. नेमकी बाजूनेच चौकट हवी असेल तर मधल्या खांबासमोर उभे राहा.