खुराड्यांत रोग शिरतो तेव्हां

परसांत आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाचें दुःख बाहेरच्या माणसास सहसा कळत नाहीं. गाय मेली तर शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात; कुत्रें मेलें तरी सांत्वनाचे दोन शब्द बोलले जातात. कोंबडी मेली असें सांगितलें, तर ऐकणारा हंसतो आणि रश्शाची गोष्ट काढतो. परंतु ज्या घरांतील मुलांनीं प्रत्येक कोंबडीला नांव दिलेलें असतें, ज्या घरांतील आजीबाई पहांटे खुराड्याचें दार उघडल्यावांचून चहाला शिवत नाहींत, त्या घरांत चार दिवसांत सहा कोंबड्या मराव्या, हा लहानसहान प्रसंग नव्हे. तो दुःखाचा प्रसंग असतो आणि निर्णयाचाहि असतो. दुःखाला पुढें वेळ देतां येतो. निर्णयाला मात्र थांबून चालत नाहीं.

संकट ओळखण्यांतली पहिली अडचण कोंबडीच्या स्वभावांतच आहे. ती दुसऱ्याचें भक्ष्य होणारी जात. अशक्तपणा दिसला कीं शिकारी प्राण्याची नजर तिच्यावर जाते. शिवाय कळपांतील इतर कोंबड्याहि दुबळीला टोंचल्यावांचून सोडीत नाहींत. कोणी कोणाला टोंचावें याचा कोंबड्यांमध्यें ठराविक क्रम असतो, ही गोष्ट नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डेरुप-एब्बे यांनीं १९२१-२२ च्या सुमारास प्रसिद्ध केली. या क्रमांतून खालीं घसरूं नये म्हणून कीं काय, आजारी कोंबडी जमेल तितका वेळ धडधाकटपणाचें सोंग आणते. आणि मालकाच्या ध्यानांत येतें तेव्हां रोग बराच पुढें गेलेला असतो. यावर उपाय एकच. सकाळीं दार उघडतांना दोन मिनिटें उभें राहून पाहावें. सर्वांत शेवटीं कोण बाहेर आली, कण्या टाकल्यावर कोण धांवली नाहीं, कोणाचीं पिसें फुललेलीं आणि डोळे अर्धवट मिटलेले आहेत, कोणाचा तुरा काळवंडला आहे, रात्रींच्या शिटेचा रंग काय आहे, एवढें पाहणाऱ्या घराला एक दिवस आधीं सूचना मिळते. साथीच्या रोगांत एक दिवस फार मोठा असतो.

आजारी दिसणारी प्रत्येक कोंबडी मरतेच असें मात्र नाहीं. देवीचा रोग दिसावयास भयंकर. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोंवतीं फोड येतात, त्यांच्या खपल्या होतात. परंतु फोड कातडीपुरतेच असले तर बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत बरे होतात. डोळे चिकटले असतील तर हातानें खाऊं-पिऊं घालावें, आणि हा रोग पसरविणारे डांस खुराड्यांत येणार नाहींत अशी तजवीज करावी. लहान पिलांना होणारी रक्ती हगवण ओल्या तुसांत वाढणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी जंतूंमुळें होते. तिच्यावर औषध आहे. तें पशुवैद्याकडून पहिल्या दिवशींच आणलें आणि ओलें तूस काढून कोरडें घातलें, तर पुष्कळ पिलें वांचतात. अशा रोगांत माया आणि उपचार एकाच दिशेनें चालतात. मानमोडीची गोष्ट निराळी.

मानमोडी हें नांवच रोगाचें लक्षण सांगतें. रोगट पक्षी तोंड उघडून धापा टाकतो, पंख गाळून बसतो, हिरवट पातळ शीट टाकतो. जो यांतून निभावतो त्याची मान पुष्कळदां पिळवटून पाठीकडे वळते, किंवा पाय लुळे पडतात. १९२६ सालीं हा रोग जावा बेटांत आणि इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें आढळला. पुढच्या एक-दोन वर्षांत कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो दिसला. म्हणून जगांत त्याला न्यूकॅसल रोग आणि भारतांत राणीखेत रोग म्हणतात. हा रोग विषाणूचा आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस, बहुधा पांच-सहा दिवस जातात. लस न दिलेल्या कळपांत तीव्र सांथ आली, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक पक्षी मरूं शकतात. एकदां रोग झाल्यावर त्याला औषध नाहीं. लसूण, हळद किंवा माणसांच्या औषधाच्या गोळ्या यांपैकीं कशानेंहि हा विषाणू हटत नाहीं.

कुटुंबाची खरी परीक्षा येथें सुरू होते. माया सांगते कीं, आजारी कोंबडीला घरांत आणावें, मांडीवर घ्यावें, पाणी पाजावें. पाणी पाजणारा तोच हात मग बाकीच्यांना कण्या टाकतो. विषाणू शिटेंत, लाळेंत आणि श्वासांत असतो. वहाणांना, बादलीला, कपड्यांना लागून तो खुराडेंभर फिरतो. एकीवर केलेली माया अशा रीतीनें उरलेल्या नऊ जणींवर उलटते. यास्तव आजारी पक्षी ताबडतोब दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस, वेगळ्या डाल्याखालीं ठेवावा. त्याचें भांडें निराळें असावें. घरांतील एकाच माणसानें काम करावें. आधीं निरोगी कोंबड्यांचें आणि सर्वांत शेवटीं आजारी कोंबडीचें. नंतर साबणानें हात धुवावे आणि वहाणा बदलाव्या. या विषाणूनें माणसाचेहि डोळे कांहीं दिवस लाल होतात, म्हणून काम चालूं असतांना डोळ्यांना हात लावूं नये. पशुवैद्यास बोलवावें, आणि एखादी कोंबडी मेलीच असेल तर तिची शवपरीक्षा करून घ्यावी. मेलेल्या एकीपासून रोगाचें नांव कळलें, तर जिवंत असलेल्यांचा मार्ग ठरतो.

या वेळीं एक मोह फार बळावतो. धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या मरण्यापूर्वींच आठवड्याच्या बाजारांत विकून टाकाव्या, म्हणजे चार पैसे तरी हातीं लागतील, असें वाटतें. परंतु त्या कोंबड्यांत रोग दबा धरून बसलेला असतो. आपली हानि अर्धी झाली असें आपण समजतों, आणि ती दहा अनोळखी घरांत वांटून आलेलों असतों. सांथ असतांना एकहि पक्षी घराबाहेर जाऊं न देणें हें शेजारधर्माचें काम आहे.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटीं येतो. मान पिळवटलेली कोंबडी हातानें भरवून कित्येक आठवडे जगवितां येते. क्वचित् ती सांवरतेहि. मग तिला जाऊं द्यावें कीं जगवावें? याचें उत्तर तिच्याकडे पाहूनच द्यावें लागतें. ती आपल्या पायांवर उभी राहते काय? स्वतः पाणी पिते काय? इतरांना तिच्यापासून धोका नाहीं असें पशुवैद्य म्हणतो काय? तिन्हीं प्रश्नांचें उत्तर नकारार्थी असेल, तर तिचें जगणें लांबविण्यांत तिचें हित नसून आपल्या मनाचें समाधान असतें. अशा वेळीं पशुवैद्याच्या किंवा सरावलेल्या माणसाच्या हातून क्षणांत तिच्या यातना संपविणें ही क्रूरता नव्हे. हा निर्णय घेणाऱ्यानें पुढें स्वतःला दोष देत बसूं नये, आणि घरांतील इतरांनींहि तो देऊं नये.

कांहीं वेळां निर्णय कुटुंबाच्या हातांत राहतच नाहीं. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू प्रथम आढळला. २०२१ सालीं तो तेथें पुन्हां आला. अशा वेळीं ठराविक अंतरांतील सारे पक्षी सरकारी पथकें नष्ट करतात; परसांतील चार कोंबड्याहि त्यांतून सुटत नाहींत. निरोगी पक्षी डोळ्यांदेखत जातो, हें दुःख कडू आहे. परंतु हा रोग माणसांच्या प्राणांवरहि बेततो. म्हणून एकाएकीं बरेच पक्षी मेले, तर त्यांना उघड्या हातानें स्पर्श न करतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें हें पहिलें कर्तव्य होय.

मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा ओढ्यांत टाकूं नये. कुत्र्यांना उकरतां येणार नाहीं इतका खोल खड्डा विहिरीपासून दूर खणावा, आणि वर चुना घालून माती दाबावी. मुलांना हें लपविण्याचें कारण नाहीं. कोंबडी कोणाला तरी देऊन टाकली असें खोटें सांगितलें, तर मूल ती परत येण्याची वाट पाहत राहतें. ती आजारी होती, तिला बरें करतां येण्यासारखें नव्हतें, आणि बाकीच्यांना जपणें जरूर होतें, हें साध्या शब्दांत सांगितलेलें मुलांना समजतें.

त्यानंतर खुराड्याचें काम. जुनें तूस काढून जाळावें. शीट खरवडून साबणाच्या पाण्यानें धुतल्यावरच जंतुनाशक लावावें, कारण घाणीवर ओतलेलें औषध वाया जातें. मग चुना द्यावा आणि कडक ऊन खाऊं द्यावें. पुढें निदान तीन आठवडे नवी कोंबडी आणूं नये. एखादीच कोंबडी मागें उरली असेल तर तिच्याकडे अधिक लक्ष द्यावें. कळपांत वाढलेला हा पक्षी एकटेपणानें कावरा होतो, खाणें कमी करतो. तिची बैठक माणसांच्या वावराजवळ हलवावी. मात्र तिच्या अंगांतून विषाणू बाहेर पडत असूं शकतो, म्हणून नवी सोबत आणण्याचा दिवस पशुवैद्यास विचारूनच ठरवावा.

येथवरचा सारा खटाटोप रोग आल्यावरचा. तो येऊं न देण्याचें साधन मात्र पूर्वींच हातीं आलें आहे. १८८९ सालीं पुण्यांत स्थापन झालेली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, आणि तेथेंच १९४० नंतरच्या दशकांत मानमोडीवरील लस तयार झाली. आज पिलूं पांच-सात दिवसांचें असतांना सौम्य लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं दुसरी लस टोंचतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवावी लागते. शिवाय एका कुपींत बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांपुरती लस असते, आणि कुपी फोडल्यावर ती थोड्याच वेळांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकाला हें परवडत नाहीं, म्हणून तो लसच टाळतो. पांच-सहा शेजाऱ्यांनीं एक दिवस ठरवून, एकच कुपी आणून, सर्वांच्या पिलांना एकत्र लस दिली, तर ही अडचण उरत नाहीं. बाजारांतून आणलेली कोंबडी मात्र प्रथम दोन-तीन आठवडे वेगळीच ठेवावी.

रिकाम्या खुराड्यांत पुन्हां पिलें येतील, आणि मुलें त्यांना नांवें देतील. त्या दिवसाच्या आधीं लशीचा दिवस ठरलेला असावा.