उन्हाच्या आधीचा कप्पा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी एप्रिल लागला, की कुरडयांची पहाट ठरायची. गहू तीन दिवस आधी भिजायला पडत, त्यांचं पाणी रोज बदललं जाई. मग ते वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे चारला मोठ्या गंजात आधण चढे. गुठळी होऊ नये म्हणून दोघी जणी आळीपाळीने चीक ढवळत. उजाडता उजाडता सगळ्या गच्चीवर असत आणि जुन्या लुगड्यावर सोऱ्याने पांढऱ्या कुरडयांच्या रांगा लागत. नऊनंतर गच्चीवर पाय ठेवायची सोय नसे. त्या चार-पाच तासांत आईकडे कुणी चहासुद्धा मागत नसे. शेजारच्या काकू आल्या, तर गप्पा मारायला खाली न बसता थेट वर येऊन सोऱ्या हातात घेत. ‘ऊन काही आपल्यासाठी थांबून नाही राहत,’ असं आई म्हणायची.

आज ज्याला टाइम ब्लॉकिंग म्हणतात, ते मी तिथे पाहिलं. दिवसाचे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात एकच काम किंवा एकाच जातीची कामं ठेवायची आणि त्या वेळात दुसरं काही हाती घ्यायचं नाही, एवढीच ही पद्धत. अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक कॅल न्यूपोर्ट यांच्या ‘डीप वर्क’ या २०१६ सालच्या पुस्तकाने तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

आपण बहुतेक जण याद्यांवर जगतो. बँकेत जायचं, अहवाल पूर्ण करायचा, बाबांच्या गोळ्या आणायच्या, मुलीची फी भरायची. काय करायचं ते यादीत असतं, कधी करायचं ते नसतं. पाच मिनिटांचं काम आणि तीन तासांचं काम तिथे एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिलेलं असतं. मग आपण पाच मिनिटांची कामं पटापट खोडतो आणि तीन तासांचं काम रोज पुढच्या पानावर जातं. तेच काम ‘बुधवारी सकाळी सात ते दहा’ असं लिहिलं, की त्याचा आकार डोळ्यांपुढे येतो. आणि बुधवारी सकाळी तेवढी जागाच नाही, हेही तेव्हाच कळतं.

एका वेळी एकच काम का, याचं उत्तर सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सापडतं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे उणं होतं. लिहिता लिहिता फक्त एक मेसेज पाहिला, असं आपण म्हणतो. मेसेज पाहायला अर्धं मिनिट लागतं, पण लिखाणात परत शिरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो, हे मी माझ्या टेबलाशी रोज अनुभवते.

नागपूरकराला ही गोष्ट समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिलं आहे. म्हणून उन्हाळ्यात आपण दिवस मोडून नव्याने बांधतो. फुटाळ्यावर, अंबाझरीवर चालणारे साडेपाचलाच दिसतात, भाजी सकाळीच येते, शाळा सकाळच्या होतात. भर दुपारी काही चौकांतले सिग्नलच बंद ठेवले जातात, दुचाकीस्वाराला उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा भरतात, विदर्भात त्या आणखी उशिरा उघडतात. सीताबर्डीवरची खरेदी ऊन उतरल्यावर. आपल्या भागाचा दिवस कसा आहे ते ओळखून त्यात काम बसवायचं, हे शहाणपण इथल्या साऱ्या गावाला ठाऊक आहे. आपल्या डायरीत मात्र आपण कुठल्या तरी थंड देशातल्या उद्योगपतीचं वेळापत्रक उतरवतो आणि आठवड्यात सोडून देतो. मे महिन्यात दुपारी दोनला, कूलरच्या घरघरीत, अवघड काम ठेवणं म्हणजे ते होऊ नये अशी व्यवस्था करणं. त्या वेळेला बिलं भरावीत, फोन करावेत, नाही तर सरळ झोपावं.

या पद्धतीची सर्वात मोठी उदाहरणं मला नागपूरपासून ७५ किलोमीटरवर, वर्ध्याच्या परिसरात दिसतात. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. देशभरातली माणसं त्या कुडाच्या घराशी येत होती, पत्रांचे ढीग पडत होते, ‘हरिजन’साठी लेख द्यायचे होते. ‘भारत छोडो’कडे नेणारा कार्यसमितीचा ठराव जुलै १९४२मध्ये वर्ध्यातच झाला. इतक्या गर्दीच्या आयुष्यात प्रार्थना, चालणं, सूत कातणं यांच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि कमरेला घड्याळ लटकत होतं. मला विशेष वाटतं ते त्यांच्या सोमवारच्या मौनाचं. आठवड्यातला एक अख्खा दिवस बोलणं बंद. कुणी भेटायला आलं, तर उत्तर चिठ्ठीवर लिहून. लिखाण-वाचनाला त्यातून निवांतपणा मिळे. देशाचा सगळ्यात व्यग्र माणूस दर आठवड्याला एक दिवस लोकांच्या बोलण्यापासून राखून ठेवत होता आणि लोक ते मान्य करत होते.

नागपूरहून वर्ध्याला जाताना धाम नदीकाठी पवनार लागतं. विनोबा १९३८ साली तिथे आले. त्यांची ‘गीता प्रवचने’ आपल्या अनेक घरांत असतात, पण ती कशी झाली हे तारखांसह पाहावं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एक अध्याय सांगत. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. मोजले, तर बरोबर अठरा रविवार आणि अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली. एक ठरलेला वार आणि एक नेमका तुकडा, एवढ्या सामग्रीवर तो ग्रंथ उभा राहिला. ज्यांना ‘वेळ मिळाला की लिहीन’ असं वाटतं, त्यांनी हे अठरा रविवार कॅलेंडरवर बोटाने मोजून पाहावेत.

पण इथे मला थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. वेळेचे कप्पे पाडायला वेळ आपला असावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि तेही सलग नाहीत. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, ‘माझे मोजे कुठे आहेत’, असे तुकडे तुकडे. वेळेच्या नियोजनाची पुस्तकं सांगतात, दार लावून घ्या. घरातल्या बाईने दार लावलं, तर पहिली थाप दहाव्या मिनिटाला पडते. कुरडयांच्या पहाटे आईला कुणी हाक मारली नाही, कारण कुरडया सगळ्या घराला खायच्या होत्या. तिला स्वतःसाठी वाचायला तसे दोन तास मागता आले असते का? तिने कधी मागितले नाहीत, आणि आम्हीही कधी देऊ केले नाहीत. त्याचं मला आज वाईट वाटतं. म्हणून कप्पे पाडायचे, तर घराने एकत्र बसून पाडावेत. बाबांचे, आईचे, मुलांचे, आजीच्या फिजिओथेरपीचे, सगळे एकाच कागदावर.

माझा कागद फ्रिजवर आहे. पहाटे पाच ते साडेसात लिखाण, फोन दुसऱ्या खोलीत. साडेसात ते दहा घर. दहा ते साडेबारा ऑफिसचं काम, मेल त्यातच. दीड ते चार हलकी कामं. पाच ते सहा हा कप्पा मुद्दाम कोरा ठेवला आहे. सुरुवातीला तो नव्हता आणि दिवस रोज फसायचा. आपलं काम किती वेळात होईल याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच मांडलं होतं. दोन तासांचं वाटणारं काम तीन तास घेतं. सिलिंडर संपतं, दवाखान्यात जावं लागतं. कोरा कप्पा हे सगळं पोटात घेतो. आणि वेळापत्रक मोडलं, की मी ते फाडत नाही. दुपारी पेन घेऊन उरलेल्या दिवसाचे कप्पे शेजारी पुन्हा आखते. माझ्या मंगळवारच्या पानावर अशा तीन-तीन ओळी असतात.

हजेरीपटावर काम करणाऱ्यांना, मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना इतकी मोकळीक नसते, हे खरं आहे. त्यांच्यासाठी दिवसभराचा आराखडा नको, एकच कप्पा पुरे. पाळीवरून आल्यावर झोपेचाच कप्पा घरच्यांनी राखला, तरी मोठं काम होईल.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा, एक कोरा कागद घ्या आणि पहिला कप्पा घरातल्या ज्या माणसाला आजवर एकही मिळालेला नाही, त्याच्या नावाने लिहा.