मजकुरातील खूण

संगणकावर मोठा मजकूर लिहिणाऱ्याची खरी पंचाईत पुढे जाताना होत नाही. ती परत येताना होते. समजा, खानापूर तालुक्यातील कणकुंबी गावाची माहिती कोणी गृहस्थ संकलित करीत आहेत. मलप्रभेच्या उगमाचा परिच्छेद अर्धा झाला असता चोर्ला घाटाविषयीचा एक तपशील ताडून पाहण्यासाठी त्यांना शेवटच्या प्रकरणाकडे जावे लागले. परतून पाहतात तो मूळ जागा सापडत नाही! ओळीचा क्रमांक कागदावर टिपून ठेवला होता खरा. परंतु दरम्यान वर चार ओळींची भर पडली, आणि ८१२ वी ओळ आता ८१६ वी झाली. अर्धवट परिच्छेद तसाच छापखान्यात जाण्याचे भय असते ते अशा वेळी.

मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामांत, म्हणजे टेक्स्ट एडिटरांत, यासाठी खुणेची सोय असते. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास रचलेल्या 'व्हीआय'मध्ये व त्याच परंपरेतील, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हिम'मध्ये 'एम' ही कळ दाबून मागोमाग एखादे अक्षर, उदाहरणार्थ 'ए', दाबले की त्या जागी खूण झाली. पुढे एकेरी अवतरणचिन्ह व तेच अक्षर दाबताच लेखक त्या ओळीवर परत येतो. लहान लिपीतील अक्षरांच्या खुणा त्या त्या फाइलपुरत्या. व्हिममध्ये मोठ्या लिपीतील अक्षरांच्या खुणा एका फाइलीतून दुसरीत नेतात. वर ओळी वाढल्या तर खूणही ओळीबरोबर खाली सरकते. मात्र ती ओळच खोडली की लहान लिपीतील अक्षराची खूणही गेली. शिवाय फाइल बंद असताना दुसऱ्या प्रोग्रामातून तीत फेरफार झाले, तर साठविलेली खूण जुन्याच क्रमांकाला चिकटून राहते.

ही अडचण मराठी वाचकास नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींत ओव्यांची संख्या सारखी नाही. एका प्रतीतील ओवीचा क्रमांक घेऊन दुसरी प्रत उघडणारा भलत्याच ओवीवर जाऊन पोचतो. म्हणून काळजीपूर्वक संदर्भ देणारा अध्याय व क्रमांक यांच्या जोडीला ओवीचे आरंभीचे शब्दही देतो. क्रमांक चुकला तरी शब्द वाट दाखवितात.

'ग्नू ईमॅक्स' या एडिटरातील बुकमार्क नेमके हेच करतो. कंट्रोल-एक्स, आर, एम अशा कळा दाबून खुणेस नाव द्यावयाचे; 'उगम' असे मराठी नावही चालते. तेव्हा फाइलीचे नाव व स्थान यांबरोबरच त्या जागेच्या अलीकडची-पलीकडची थोडी अक्षरे, सामान्यतः १६-१६, नोंदली जातात. कंट्रोल-एक्स, आर, बी या कळांनी परत येताना ती अक्षरे शोधली जातात व मजकूर सरकला असला तरी जागा बहुधा सापडते.

अर्थात त्या अक्षरांतच दुरुस्ती झाली, तर शोध फसतो. म्हणून खूण करावयाची ती अर्धवट वाक्यावर करू नये. त्याच्या वरच्या, पुन्हा सहसा न बदलणाऱ्या मथळ्यावर करावी. कणकुंबीच्या त्या संकलकास 'मलप्रभेचा उगम' हा मथळा पुरेल.